नागपुरात मॅरेथॉनची तयारी: धावणाऱ्यांचे आणि कोच होऊ इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅरेथॉनचं अंतर जगात कुठेही ४२.१९५ किमीच असतं, तयारी मात्र ज्या त्या गावाच्या हवेप्रमाणे करावी लागते. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक प्लॅन थंड देशांतल्या लोकांसाठी लिहिलेले आहेत. त्यांत उन्हाळा हा मोकळेपणाने पळायचा काळ असतो आणि आपल्याकडे तोच सांभाळून राहायचा. तसा प्लॅन जसाच्या तसा उचलून मे महिन्यात वर्धा रोडवर २५ किमी काढायला निघालेला माणूस दवाखान्यात पोहोचू शकतो. म्हणून खालची उत्तरं नागपूरचं हवामान, नागपूरचे रस्ते आणि इथलं खाणं समोर ठेवून दिली आहेत.

मी कधीच पळालो नाही. फुल मॅरेथॉनला किती दिवस लागतील?

एक ते दीड वर्ष धरा. सहा महिन्यांत होतं असं सांगणारे भेटतील, काहींचं होतंही. पण हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, तर हाडं, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर तयार व्हायला कित्येक महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात दम लागणं कमी होतं, माणूस खुशीत अंतर वाढवतो आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. नवख्यांच्या बहुतेक दुखापती याच टप्प्यातल्या असतात.

सुरुवात अशी करा: आठवड्यातून तीन दिवस, दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस सुट्टी. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. दर आठवड्याला पळण्याचा वेळ थोडा वाढवा. आठ ते दहा आठवड्यांत सलग अर्धा तास पळता येतं. चार-पाच महिन्यांत १० किमी, नऊ-दहा महिन्यांत हाफ, म्हणजे २१.१ किमी. एक हाफ नीट, न लंगडता झाली की मग फुलचा २० आठवड्यांचा प्लॅन हाती घ्या.

चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर आधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्या. पळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं की त्याच क्षणी थांबायचं. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून पुढे जायचं नाही.

नागपूरचं वर्ष कसं आखायचं?

शर्यत जानेवारी-फेब्रुवारीत धरा आणि तिथून मागे मोजत या. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे २० आठवडे साधारण पोळ्याच्या आसपास सुरू होतात. लक्षात ठेवायला सोपं: बैल सजले की आपला प्लॅन सुरू. त्याआधीचा जून-अखेर ते ऑगस्ट हा पाया घालायचा काळ. पाऊस पडून गेला की सकाळ बरी असते, त्या वेळी फक्त सावकाश पळून आठवड्याचे किलोमीटर ३० ते ३५ पर्यंत आणायचे. वेगाचं काहीही नको.

ऑक्टोबर फसवतो. पाऊस गेला म्हणून लोक निर्धास्त होतात, पण जमिनीत ओल आणि वर कडक ऊन, त्यामुळे सकाळी आठलाच दमट भट्टी तयार होते. दिवाळी प्लॅनच्या मध्यावर येते. त्या आठवड्यात चिवडा-शंकरपाळे आणि जागरण होणारच, म्हणून तो आठवडा आधीच ‘हलका आठवडा’ म्हणून लिहून टाका. चुकलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायचा मोह दुखापतीकडे नेतो. नोव्हेंबर आणि डिसेंबर हे आपले सोन्याचे महिने. सगळ्यात लांब पल्ले इथेच बसवा.

थंडीत एक गोष्ट उलटी होते. डिसेंबर-जानेवारीत अगदी पहाटे धूर खाली बसलेला असतो: कचरा जाळलेला, शेकोट्यांचा, गाड्यांचा. वर उबदार हवेचा थर आणि खाली थंड हवा अडकलेली, म्हणून तो उडत नाही. ऊन पडल्यावर हवा हलते. त्या दिवसांत पाचऐवजी पावणेसातला, सूर्य उगवताना निघणं फुफ्फुसांना बरं. दमा असलेल्यांनी तर नक्कीच.

मे महिन्यात पळून राहिलो तर चालते का?

चालतं, पण मे महिन्याचा उद्देश वेगळा असतो. तेव्हा वाढवायचं नाही, टिकवायचं.

दिवसातली सगळ्यात कमी उष्णता सूर्योदयाच्या जरा आधी असते. मेअखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे पावणेपाचला पाय रस्त्यावर आणि सव्वासहाला घरी. संध्याकाळ थंड वाटते, पण सिमेंटच्या रस्त्यांनी दिवसभर साठवलेली उष्णता रात्री नऊपर्यंत बाहेर पडत असते. सातच्या सुमारास रस्त्यावर तळहात टेकवून पाहा, लगेच कळेल.

घड्याळातला पेस विसरा. थंडीत किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागत असतील तर मेमध्ये सात लागली तरी मेहनत तेवढीच होते. शरीर रक्ताचा मोठा वाटा कातडी थंड करायला पाठवतं, पायांना कमी मिळतं आणि नाडी वाढते. जुनाच पेस धरून ठेवला तर तो सावकाश रन राहत नाही, शर्यत होते. उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी राहून आलात तर हे दिवस पुन्हा मोजायचे.

आपली उष्णता कोरडी असल्यामुळे घाम दिसतच नाही, निघता निघताच वाळतो. ‘मला घामच येत नाही’ म्हणणाऱ्याची टोपी घरी जाऊन वाळल्यावर पाहा. कडेला पांढरी रेघ उमटलेली असते. ते मीठ त्याच्याच अंगातलं.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की लांब पल्ला बंद. आठवड्यात तीन छोटे रन, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि जमलं तर पोहणं. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही ही समजूत घरोघरी आहे. कांदा ठेवा हवं तर, पण त्याच्या भरवशावर सातला निघू नका. पन्हं मात्र खरोखर कामाचं: पाणी, गूळ आणि मीठ तिन्ही एकत्र मिळतात. पळून आल्यावर दोन पेले घ्या.

पाणी किती प्यायचं? इलेक्ट्रॉल रोज घ्यावं का?

‘दर १५ मिनिटांनी इतकं’ असा सगळ्यांना लागू नियम नाही. घामाची मोजणी स्वतःची स्वतः करा. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक तास पळा, वाटेत किती पाणी प्यायलात ते लक्षात ठेवा. आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ५८.४ किलो, नंतर ५७.६ आणि वाटेत ३०० मिली पाणी. मग तासाला गेलेला घाम ०.८ अधिक ०.३, म्हणजे १.१ लिटर. ही मोजणी मेमध्ये एकदा, डिसेंबरमध्ये एकदा करा. दोन्ही आकडे पाहून आश्चर्य वाटेल.

जेवढा घाम गेला तेवढं सगळं वाटेतच भरून काढायचं नसतं. तासाला ४०० ते ८०० मिली बहुतेकांना पुरतं आणि तहान ही चांगली खूण आहे. जास्त पाणी पिणंही धोक्याचं. पाच-सहा तास पळणारे हळू धावक शर्यतीतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर पेले रिचवत जातात, रक्तातलं सोडियम पातळ होतं, मग मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, गोंधळणं. शर्यतीनंतर वजन वाढलेलं आढळलं तर पाणी नक्की जास्त झालं.

तासाभराच्या आत साधं पाणी पुरे. त्यापुढे मीठ-साखर हवी. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वरून लिंबू पिळा. इलेक्ट्रॉलचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकणं ही नेहमीची चूक. द्रावण दाट होतं, पोटात पाणी ओढलं जातं आणि बारा किलोमीटरवर झाडी शोधावी लागते. बीपीच्या रुग्णांनी मिठाचं आधी डॉक्टरांना विचारावं.

पळताना कुणाला ऊन लागलं तर?

हे पाठ असू द्या. घाम जाऊन थकलेला माणूस बसतो, पाणी मागतो, नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, घोट-घोट द्रावण द्या. अर्ध्या तासात तो सावरतो.

बडबडतो आहे, चिडतो आहे, तोल जातो आहे, स्वतःचं नाव किंवा वार सांगता येत नाही, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरीही. शरीराचं तापमान ४० अंशांपुढे गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. आधी थंड करणं, मग हलवणं. एकाने १०८ला फोन लावायचा. बाकीच्यांनी बूट-टीशर्ट काढून अंगावर मिळेल तितकं गार पाणी ओतत राहायचं आणि जोरात वारा घालायचा. मानेला, काखेत, जांघेत बर्फ. मोठं टब किंवा टाकी जवळ असेल तर डोकं बाहेर धरून गळ्यापर्यंत बुडवणं सगळ्यात उत्तम. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. क्रोसिनसारखी तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो आणि तशा गोळीने तो उतरत नाही.

विदर्भात सिकलसेल बऱ्याच जणांना असतं. त्यांनी पळावं का?

हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुण्या-मुंबईच्या प्लॅनमध्ये तो नसतोच. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष. त्याचा आजार, म्हणजे दोन्ही जनुकं बाधित असणं, वेगळं. त्यात लांब पल्ल्याचं धावणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करायचं नाही. वाहक, म्हणजे एकच जनुक बाधित, हे लोक निरोगी असतात आणि पळू शकतात. मात्र प्रचंड उष्णता, पाण्याची कमतरता आणि सवय नसताना जिवाच्या आकांताने मारलेले वेगाचे हप्ते (थोडं अंतर जोरात, मग थांबून पुन्हा), हे तीन एकत्र आले तर वाहकांतही रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो.

म्हणून वाहकांनी वेग आणि अंतर फार हळू वाढवायचं, वेगाच्या दोन हप्त्यांच्या मध्ये पूर्ण विश्रांती घ्यायची, ताप किंवा जुलाब झालेल्या आठवड्यात मैदानावर यायचं नाही. साध्या वांबात, म्हणजे पेटक्यात, स्नायू दगडासारखा कडक होतो आणि माणूस ओरडतो. सिकलमध्ये पाय एकदम गळून जातात, दुखतं पण स्नायू हाताला मऊच लागतो. असं झालं की ‘अजून एक राउंड’ म्हणणं हा गुन्हा आहे. थांबवा, पाणी द्या, दवाखान्यात न्या. रक्ताची साधी चाचणी सरकारी रुग्णालयांत होते आणि ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने नक्की होतं. नव्या धावकाला कोचने पहिल्याच दिवशी विचारायचा हा प्रश्न आहे, आणि उत्तर बॅचसमोर वाचून दाखवायचं नाही.

आठवडा कसा असावा?

प्लॅनच्या मध्यावरचा, साधारण ४५ किलोमीटरचा आठवडा असा: सोमवारी सुट्टी. मंगळवारी ८ किमी सावकाश, शेवटी शंभर मीटरचे चार-पाच मोकळे स्ट्राइड, म्हणजे हळूहळू वेग वाढवत सैल अंगाने पळणं. बुधवारी ६ किमी आणि घरी ताकदीचा व्यायाम. गुरुवारी टेम्पो: दोन किमी गरम व्हायला, सहा किमी ‘तुटक वाक्य बोलता येईल’ इतक्या नेटाने, दोन किमी थंड व्हायला. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी ५ किमी अगदी आळसात. रविवारी लांब पल्ला, १६ ते १८ किमी. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर पाव भागाने कमी.

सावकाश म्हणजे किती? शेजारच्याला कालच्या भाजीची कृती न थांबता सांगता आली पाहिजे. किलोमीटरपैकी चार हिस्से असे असावेत, एक हिस्सा मेहनतीचा. आम्ही पाहिलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज मध्यम जोरात पळणं: सावकाश दिवशी जास्त वेगात, आणि वेगाच्या दिवशी पायांत काही उरत नाही म्हणून कमी.

लांब पल्ला कमाल ३० ते ३२ किमी किंवा सव्वातीन तास, जे आधी होईल ते. त्यापुढे फायदा थोडा आणि मोडतोड जास्त. २८ किमीच्या वर असे तीन पल्ले पुरतात. शेवटचा मोठा पल्ला शर्यतीच्या तीन आठवडे आधी, मग टेपर. टेपरमध्ये अंतर कमी करायचं, थोडा वेग ठेवायचा. त्या दिवसांत पाय जड वाटतात, उगीच कुठे तरी दुखल्यासारखं होतं. ते नेहमीचं आहे.

कुठे पळायचं?

सावकाश रनसाठी सिव्हिल लाइन्समधली वॉकर्स स्ट्रीट आणि आजूबाजूचे झाडांचे रस्ते. चढासाठी सेमिनरी हिल्स: फुटाळ्याकडून वर जाणाऱ्या रस्त्यावर ६० ते ९० सेकंदांचे सहा ते आठ चढ मारा, उतरताना चालत या. नागपूर सपाट आहे, म्हणून ही एवढी टेकडी पंधरवड्यातून एकदा तरी वापरलीच पाहिजे. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या बाजूला सकाळी गर्दी असते, दोघा-तिघांच्या रांगेने रस्ता अडवू नका. वेगाच्या कामासाठी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाचा ट्रॅक. पहिल्या लेनला एक फेरी ४०० मीटरची, आठव्या लेनला साधारण ४५३. गरम होणं आणि चालणं बाहेरच्या लेनमध्ये करा. आत पोरं पूर्ण वेगात येत असतात.

सिमेंट डांबरापेक्षा कडक. नवख्यांनी आठवड्यातले निम्मे किलोमीटर तरी मातीवर, रेशीमबागेसारख्या मैदानावर काढावेत. रस्त्याच्या एकाच कडेने रोज पळू नका. कडेचा उतार एक पाय लांब, एक आखूड केल्यासारखा असतो आणि गुडघ्याच्या बाहेरची बाजू बोलायला लागते. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली घड्याळाचा जीपीएस भरकटतो, तिथला पेस खरा मानू नका. कुत्री मागे लागली तर पळायचं थांबवा, त्यांच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरका. आणि चावलंच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन.

हाफ दोन तासांत होते. फुल चार तासांत होईल ना?

बहुधा नाही. नेहमीच्या गणिताने ४ तास १० मिनिटं निघतात, आणि आठवड्याला ४०-४५ किमीच करणाऱ्याला प्रत्यक्षात ४:२० ते ४:३० लागतात. चार तासांना किलोमीटरला ५:४१ चा पेस लागतो, साडेचारला ६:२४, पाचला ७:०७. पहिल्या फुलला मधला आकडा धरा.

तीस किलोमीटरनंतर पाय का संपतात?

शरीरातली साखर संपते म्हणून. पळताना किलोला, किलोमीटरला सुमारे एक कॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला पूर्ण अंतराला अडीच हजार. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आत. चरबी भरपूर असते, पण ती मंद जळते. सुरुवात वेगात केली की साखर भराभर जळते आणि तीसच्या आसपास भांडं रिकामं होतं. उपाय दोन: पहिले दहा किमी ठरवलेल्या पेसपेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू, आणि पहिल्या ४० मिनिटांपासूनच खात राहणं.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. एका जेलमध्ये (धावताना चोखायची गोड, दाट पुडी) २० ते २५ ग्रॅम असतं, मध्यम केळ्यात सुमारे २५, चार-पाच खजुरांत तेवढंच, दहा ग्रॅम गुळाच्या खड्यात ९. जेल साध्या पाण्यासोबत घ्या, गोड द्रावणासोबत नाही. जे शर्यतीत खायचं तेच रविवारी खाऊन पाहायचं, कारण आतड्यांनाही सराव लागतो. संत्रं ताजंतवानं करतं, पण आंबटपणा आणि चोथा काहींना सोसत नाही. ते शेवटच्या रेषेपलीकडे ठेवा.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस ताटात भात, पोळी, बटाटा, शिरा, साबुदाणा वाढवा आणि तेल, डाळी, उसळी, कोशिंबीर कमी करा. सावजी मटण दोन दिवस बंद, तर्री पोहेही. तिखट आणि तेल पोटात रेंगाळतं, मग धावताना खालीवर होतं. त्याच सकाळी, अडीच-तीन तास आधी, साधे पोहे किंवा गूळ लावलेल्या दोन पोळ्या, केळं आणि सवय असेल तर चहा. सकाळच्या सामान्य रनआधी एक केळं पुरे.

आणि वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीला उभं राहू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

बूट कोणते घ्यावेत?

महागडे नव्हेत, पायाला बसणारे. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पळायचे मोजे घालून, उभं राहून, लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा पाहा. उतारावर नख काळं पडतं ते इथे चुकल्यामुळे. टाच वर-खाली होत असेल तर सगळ्यात वरचं जे रिकामं भोक असतं त्यात नाडी त्याच बाजूला परत ओवून छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून घ्या आणि खाली ओढून बांधा. टाच जागेवर बसते, पुढच्या बोटांवर दाब येत नाही.

एक जोड ५०० ते ८०० किमी चालतो. मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवला तर आतला फोम लवकर मरतो. पावसात भिजले तर उन्हात नाही, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली. कार्बन प्लेटचे (तळव्यात कडक पट्टी बसवलेले) बूट नवख्याच्या पोटरीवर आणि टाचेवर ताण आणतात. एक वर्ष थांबा.

नडगी दुखते. बंद करू की पळत राहू?

बोटाने दाबून पाहा. हाडाच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांब पट्टा दुखत असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर शिन स्प्लिंट. अंतर निम्मं करा, मातीवर या, वेग बंद, पोटरीचा व्यायाम सुरू. एकाच नाण्याएवढ्या ठिकाणी बोट लावताच जीव जात असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. पूर्ण बंद आणि हाडांचे डॉक्टर. पहिल्या दोन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून ‘एक्स-रेत काही नाही’ ऐकून पुन्हा पळू नका.

टाचेमागची शीर दुखत असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच हळू खाली सोडायची. १५ च्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. लोक दहाव्या दिवशी सोडून देतात, म्हणून उपयोग होत नाही.

मुंबईला पळायला जाताना काय वेगळं करावं?

आपण १० अंशांच्या कोरड्या पहाटे सराव करतो आणि तिथे दमट हवेत उभे राहतो. नागपूरकर मुंबईत कोसळतात ते बहुतेक याच फरकाने. शेवटच्या दोन आठवड्यांत चार-पाच छोटे रन मुद्दाम सकाळी नऊला, अंगात एक जादा टीशर्ट घालून करा. शर्यतीत पेस किलोमीटरला १० ते १५ सेकंद सोडा. पेडर रोडचा चढ परतीला, ३५ किमीच्या पुढे लागतो तेव्हा तिथे घड्याळाकडे न पाहता छोट्या पावलांनी चढा. बिब (छातीवर लावायचा नंबर) प्रत्यक्ष जाऊन घ्यावा लागतो आणि शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी पोहोचेल अशी रात्रीची गाडी धरा. बूट, बिबच्या पिना आणि जेल हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात नाही.

बायकांसाठी काही वेगळं?

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. सावकाश पळूनही दम लागत असेल तर दहातल्या कित्येक जणींचं उत्तर स्टॅमिन्यात नाही, लोहात सापडतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी उपचार. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबू-पाण्यासोबत घ्या. पाळीत पळायला हरकत नाही. पण सराव वाढल्यावर तीन महिने पाळीच आली नाही तर ते तंदुरुस्तीचं लक्षण नव्हे. खाणं कमी पडतंय आणि हाडं झिजतायत, डॉक्टरांना दाखवा. स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच महत्त्वाची, आणि ती बुटांच्या आधी घ्या. अंधारात एकटीने नवा रस्ता नको, लाइव्ह लोकेशन घरी कुणाला तरी चालू ठेवा.

पोलिस भरतीची तयारी करतो. मॅरेथॉनचा सराव उपयोगी पडेल?

थोडाच. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर असतं. दम टिकवायला आठवड्यात दोन सावकाश रन ठेवा, बाकी ४०० मीटरचे हप्ते, १०० मीटरची सुरुवात आणि गोळा. रविवारी ३० किमी पळून सोमवारी वेग येणार नाही.

कोच व्हायचं आहे. काय शिकावं लागतं?

स्वतः वेगात पळणं आणि दुसऱ्याला पळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत अ‍ॅथलेटिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. कागद नसला तरी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, शिकल्याशिवाय बॅच घेऊ नका: मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती पाच सेंमी खाली, मदत येईपर्यंत. त्यासोबत कुणा अनुभवी कोचच्या हाताखाली एक पूर्ण हंगाम काढा. कारण पावसाळ्यात, थंडीत आणि मेमध्ये तोच धावक तीन वेगळी माणसं असतो.

कोचचा दिवस कसा असतो? त्यावर पोट भरतं का?

पहाटे चारला उठणं, पावणेपाचला मैदानावर. धावक येण्याआधी पाण्याचा कॅन, द्रावण, बर्फाचा डबा, पट्ट्या आणि प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर असलेली यादी जागेवर हवी. पहिल्या पाच मिनिटांत पळवायचं नाही, पाहायचं: कोण पायरी उतरताना एक पाय जपतोय, कुणाचे डोळे झोप न झाल्यासारखे आहेत, कोण गप्प आहे. ‘ठीक आहे ना?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा ‘रात्री किती वाजता झोपलात?’ विचारा. आठला लोक नोकरीला गेले की वह्या भरणं, फोन, प्लॅन बदलणं. संध्याकाळी ताकदीची बॅच, नऊला झोप. लग्नसराईतली जेवणं सुटतात, घरच्यांना ते आधी सांगून ठेवावं.

प्रत्येकाची नोंद सोपी ठेवा: रन किती मिनिटं आणि एक ते दहात किती कठीण वाटला, दोन्हींचा गुणाकार. ६० मिनिटं आणि ४ म्हणजे २४०. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम तिसऱ्या हिश्श्याने वाढलेली दिसली की त्या माणसाला फोन करा, दुखण्याची वाट पाहू नका. एका कोचला मैदानावर नीट लक्ष देता येईल असे १५ ते २० जण. त्यापुढे मदतनीस लागतो.

कमाई हंगामी असते. सप्टेंबर ते जानेवारी बॅच भरलेली, एप्रिल-मेमध्ये रिकामी. म्हणून सुरुवातीची दोन वर्षं दुसरी नोकरी सोडू नका, आणि फी महिन्याची न घेता २० आठवड्यांच्या प्लॅनची घ्या. मधेच दुखापत झाली तर उरलेले आठवडे पुढच्या हंगामात मिळतील, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. नाही तर पैसे वाया जाऊ नयेत म्हणून लोक दुखरा पाय घेऊन पळत राहतात आणि तुमच्यापासून ते लपवतात.